विसरणाऱ्या चिपला स्मृती देणारा शास्त्रज्ञ

मोबाइल फोन बंद करून महिनाभर कपाटात ठेवला आणि पुन्हा सुरू केला, तरी त्यातील छायाचित्रे, दूरध्वनी क्रमांक आणि संदेश जागच्या जागी असतात. वीज नसताना ही माहिती कोठे आणि कशी टिकून राहिली, असा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. याच फोनमधील आकडेमोड करणारी चिप मात्र वीज गेली की त्याच क्षणी हातातले सारे विसरते. एक चिप विजेवाचून काहीही लक्षात ठेवू शकत नाही. दुसरी विजेवाचून वर्षानुवर्षे लक्षात ठेवते आणि हवे तेव्हा तिच्यावरील मजकूर पुसताही येतो. वरवर पाहता ही दोन स्वतंत्र यंत्रे वाटतात. प्रत्यक्षात ती एकाच घराण्यातील आहेत, कारण पहिलीच्या रचनेत एका थराची भर घालून दुसरी जन्माला आली. या दोन्हींच्या मुळाशी एकच नाव आढळते, ते म्हणजे डॉ. डावॉन कांग.

अर्धवाहकांच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना हे नाव चांगले परिचित आहे. तथापि ज्यांचे दैनंदिन जीवन त्यांच्या दोन शोधांवर उभे आहे, अशा कोट्यवधी सामान्य माणसांपर्यंत ते पोहोचलेले नाही.

सोल ते ओहायो

कांग यांचा जन्म ४ मे १९३१ रोजी सोल येथे झाला. कोरियन पद्धतीने आडनाव आधी घेतले जात असल्याने मायदेशी ते कांग डे-वॉन या नावाने ओळखले जातात. त्यांच्या जन्माच्या वेळी कोरिया जपानच्या ताब्यात होता. देश पारतंत्र्यातून मुक्त झाला तेव्हा ते १४ वर्षांचे होते आणि १९५० साली कोरियन युद्धाचा भडका उडाला तेव्हा १९ वर्षांचे. या युद्धाच्या पहिल्या वर्षभरातच सोल शहराने चार वेळा सत्तांतर पाहिले. अशा उलथापालथीच्या काळात वाढलेल्या या तरुणाने सोल राष्ट्रीय विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे शिक्षण घेतले आणि १९५५ साली पुढील अध्ययनासाठी अमेरिकेची वाट धरली.

ओहायो राज्य विद्यापीठातून त्यांनी १९५९ साली विद्युत अभियांत्रिकीतील डॉक्टरेट मिळवली. सिलिकॉन आणि त्यावरील ऑक्साइडचा थर यांचा अभ्यास त्यांनी तेथेच केला होता आणि हाच विषय पुढे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या कामाचा पाया ठरला. त्याच वर्षी ते न्यू जर्सीतील मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत रुजू झाले.

पृष्ठभागाचे कोडे

बेल प्रयोगशाळा ही ट्रान्झिस्टरची जन्मभूमी होती. जॉन बार्डीन, वॉल्टर ब्रॅटन आणि विल्यम शॉकली यांनी १९४७ साली तेथे लावलेल्या शोधाबद्दल त्यांना १९५६ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. परंतु शास्त्रज्ञांच्या मनात मुळात असलेला ट्रान्झिस्टर वेगळाच होता. अर्धवाहकाच्या पट्टीवर, तिला स्पर्श न करता, बाहेरून विद्युतक्षेत्र लावायचे आणि त्या क्षेत्राच्या बळावर पट्टीतून वाहणारा प्रवाह कमीजास्त करायचा, ही ती साधी कल्पना. ज्युलियस लिलिएनफेल्ड यांनी १९२०च्या दशकातच अशा साधनासाठी पेटंटचे अर्ज केले होते. शॉकली यांनीही १९४५च्या सुमारास हा प्रयत्न केला, पण तो फसला.

अपयशाचे कारण सिलिकॉनच्या पृष्ठभागात दडलेले होते. स्फटिकाच्या आतील प्रत्येक अणू शेजारच्या चार अणूंशी जोडलेला असतो. पृष्ठभागावरील अणूंचे काही बंध मात्र मोकळेच राहतात. हे मोकळे बंध इलेक्ट्रॉन पकडून ठेवतात आणि त्यामुळे बाहेरून लावलेले विद्युतक्षेत्र आतपर्यंत पोहोचतच नाही. दारावरच कोणी अडवून धरावे आणि निरोप घरात जाऊच नये, तसा हा प्रकार होता.

इजिप्तमध्ये जन्मलेले मोहम्मद अताल्ला बेल प्रयोगशाळेत याच प्रश्नावर काम करत होते. सिलिकॉन स्वच्छ करून तापलेल्या भट्टीत ऑक्सिजनच्या सान्निध्यात ठेवल्यास त्यावर सिलिकॉन डायऑक्साइडचा, म्हणजे एका प्रकारच्या काचेचा, पातळ थर वाढतो. हा थर मोकळ्या बंधांपैकी बहुतेकांना बांधून टाकतो, हे अताल्ला यांच्या गटाने दाखवून दिले. अशा प्रकारे पृष्ठभाग शांत झाला, तर विद्युतक्षेत्र आत शिरू शकेल, हे उघड होते. नव्याने आलेल्या कांग यांच्याकडे हे साधन प्रत्यक्षात उतरवण्याचे काम आले.

अताल्ला, कांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेली रचना तीन थरांची होती. खाली सिलिकॉन, मध्ये विद्युतरोधक ऑक्साइड आणि वर धातूचे गेट. शेताच्या पाटाला लावलेले दार वर उचलले की पाणी वाहू लागते आणि खाली सोडले की थांबते. गेटवर विद्युतदाब दिला की खालच्या सिलिकॉनमध्ये प्रवाहाला वाट मिळते आणि दाब काढला की ती बंद होते. धातू, ऑक्साइड आणि अर्धवाहक यांच्या आद्याक्षरांवरून या साधनाला पुढे मॉसफेट हे नाव पडले. १९६० साली पिट्सबर्ग येथील परिषदेत ते संशोधकांसमोर मांडण्यात आले. त्याच वर्षी कांग यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६३ साली ते त्यांना मिळाले.

घरच्यांनी नाकारलेले साधन

आज विस्मयकारक वाटेल, पण या शोधाचे बेल प्रयोगशाळेत फारसे स्वागत झाले नाही. नवे साधन त्या वेळच्या उत्तम ट्रान्झिस्टरपेक्षा कितीतरी मंद होते. शिवाय ऑक्साइडमधील अशुद्धींमुळे त्याचे गुणधर्म काळानुरूप बदलत असत. दूरध्वनी केंद्रांची यंत्रणा दशकानुदशके बिनचूक चालली पाहिजे, हा बेलचा दंडक. लहरी साधनावर पैसा आणि मनुष्यबळ खर्च करण्यास व्यवस्थापन राजी नव्हते.

कांग यांनी मात्र १९६१च्या आरंभी लिहिलेल्या अंतर्गत टिपणात या साधनाचे खरे बळ नेमके ओळखले होते. ते बनवण्यास सोपे होते आणि एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर अनेक साधने एकत्र गुंफण्यास योग्य होते. अताल्ला त्याच सुमारास बेल सोडून गेले. कांग तेथेच राहिले आणि अन्य प्रकारच्या डायोडांवर व पदार्थांवर काम करू लागले. मॉसफेटचा पाठपुरावा आरसीए आणि फेअरचाइल्ड या कंपन्यांतील अभियंत्यांनी केला. अशुद्धींचा प्रश्न १९६०च्या दशकात हळूहळू सुटला. इंटेलने १९७१ साली बाजारात आणलेल्या ४००४ या मायक्रोप्रोसेसरमध्ये सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि ते सर्व याच घराण्यातील होते.

एका थराची भर

मॉसफेटच्या स्वभावात एक उणीव होती. गेटवरील दाब गेला की त्याची अवस्थाही जाते. म्हणजेच ते काम करते, पण लक्षात ठेवत नाही. संगणकात कायम टिकणारी माहिती त्या काळी चुंबकी कड्यांत साठवली जात असे. मण्यांएवढ्या लहान कड्यांमधून तारा ओवून हे जाळे विणले जाई. वीज गेली तरी कड्यांचे चुंबकत्व कायम राही, हा त्यांचा मोठा गुण. मात्र हे जाळे अवजड होते, महाग होते आणि ते फार लहान करणे शक्य नव्हते. सिलिकॉनमध्येच असे टिकाऊ स्मरण निर्माण करता येईल काय, हा प्रश्न १९६०च्या दशकाच्या मध्यास अनेकांना खुणावत होता.

बेल प्रयोगशाळेत कांग यांचे तरुण सहकारी होते सायमन झी. नानजिंगला जन्मलेले आणि तैवानमध्ये वाढलेले झी हे स्टॅनफर्ड विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन तेथे आले होते. झी यांनी नंतर अनेकदा सांगितलेल्या आठवणीनुसार, एके दिवशी उपाहारगृहात दुपारच्या जेवणानंतर दोघांच्या पुढ्यात थरांवर थर असलेला गोड पदार्थ आला. तो पाहताना मॉसफेटच्या थरांमध्ये आणखी एक थर घातला तर काय होईल, असा विचार त्यांच्या चर्चेत आला.

या चर्चेतून जी रचना साकारली, ती समजण्यास कठीण नाही. मॉसफेटचे गेट आणि सिलिकॉन यांच्या मध्ये धातूचा आणखी एक पातळ थर ठेवायचा. या थराला कोणतीही तार जोडायची नाही. त्याच्या वरही विद्युतरोधक आणि खालीही विद्युतरोधक. चहूबाजूंनी पाणी असलेल्या बेटासारखा हा थर असल्याने त्याला तरंगते गेट असे म्हणतात. वरच्या गेटवर पुरेसा मोठा विद्युतदाब दिला की सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉन मधल्या अतिपातळ विद्युतरोधकातून पार होऊन या बेटावर पोहोचतात. दाब काढून घेतला की त्यांना परतण्याइतके बळ मिळत नाही आणि ते तेथेच अडकून पडतात. बेटावर इलेक्ट्रॉन असले की खालील ट्रान्झिस्टर सुरू होण्यास अधिक दाब लागतो. नसले की कमी. बेटावरील भाराला न हलवता केवळ ट्रान्झिस्टरच्या वागणुकीवरून, तेथे शून्य साठवले आहे की एक, हे वाचता येते.

चिप आणि पुसता येणारी स्मृती यांच्यातील नाते ते हेच. स्मृतीचा प्रत्येक कण हा मुळात एक ट्रान्झिस्टरच आहे. त्यामुळे ज्या कारखान्यात आकडेमोडीच्या चिप बनतात, त्याच पद्धतीच्या भट्ट्या, तीच प्रकाशलेखनाची तंत्रे आणि तेच सिलिकॉन वापरून स्मृतीच्या चिपही बनवता येतात. ट्रान्झिस्टर लहान करण्याची जी विद्या एका बाजूला विकसित झाली, ती दुसऱ्या बाजूलाही उपयोगी पडली.

कांग आणि झी यांनी आपला निबंध १९६७ साली बेलच्या तांत्रिक नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांच्या प्रायोगिक साधनात तरंगते गेट झिर्कोनियम या धातूचे होते. त्यातील स्मरण तासाभराहून थोडे अधिक काळ टिकल्याची नोंद त्यांनी केली. एका तासाच्या स्मृतीतून कोणताही व्यवहार होणार नव्हता. पण तार न जोडलेल्या थरावर भार अडकवता येतो, तो वाचता येतो आणि काढूनही घेता येतो, हे सिद्ध झाले होते. या खेपेसही बेलने शोध पुढे नेला नाही.

पुसण्याची कला

ही कल्पना बाजारात आणण्याचे श्रेय इतरांकडे जाते. इंटेलमधील डॉव फ्रोमन हे एका सदोष चिपची तपासणी करत होते. गेटची जोडणी तुटलेल्या जागी भार साचून राहतो, असे त्यांच्या ध्यानात आले. या दोषाचाच उपयोग करून त्यांनी तरंगत्या गेटची व्यवहार्य स्मृती तयार केली आणि १९७१ साली ती जगासमोर मांडली. धातूऐवजी सिलिकॉनचेच गेट आणि त्याभोवती चांगल्या प्रतीचा ऑक्साइड असल्याने स्मरणाची मुदत तासावरून अनेक वर्षांवर गेली. ईप्रॉम या नावाने ती ओळखली जाऊ लागली. या चिपच्या माथ्यावर क्वार्ट्झची छोटी खिडकी असे. मजकूर पुसायचा झाल्यास चिप काढून त्या खिडकीतून काही मिनिटे अतिनील किरण सोडावे लागत. किरणांच्या ऊर्जेने अडकलेले इलेक्ट्रॉन मोकळे होत आणि पाटी कोरी होई. १९७० आणि १९८०च्या दशकांत इलेक्ट्रॉनिक्सची उपकरणे दुरुस्त करणाऱ्यांनी अशा चिपच्या खिडकीवर चिकटवलेली अपारदर्शक पट्टी हमखास पाहिलेली असेल. बाहेरच्या उजेडाने मजकूर चुकून पुसला जाऊ नये, म्हणून ती लावली जाई.

पुढची पायरी होती विजेनेच लिहिण्याची आणि विजेनेच पुसण्याची. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९८०च्या आरंभी अशा चिप तयार झाल्या. पण त्यांत प्रत्येक कणासाठी जास्त जागा लागे आणि किंमतही वाढे. जपानमधील तोशिबा कंपनीत काम करणारे फुजिओ मासुओका यांनी वेगळा मार्ग काढला. एकेक कण स्वतंत्रपणे न पुसता मोठा गट एका दमात पुसायचा, ही त्यांची युक्ती. १९८४ साली त्यांनी ही रचना सादर केली. क्षणात पुसली जाते म्हणून तिला फ्लॅश हे नाव मिळाले. तिची नँड नावाची, अधिक दाट रचना १९८७ साली पुढे आली. कॅमेऱ्यातील कार्ड, पेन ड्राइव्ह, मोबाइलमधील साठवण आणि संगणकातील हार्ड डिस्कची जागा घेणाऱ्या ड्राइव्ह, हा सारा विस्तार तेथून झाला.

पुसण्याच्या या सोयीची किंमतही मोजावी लागते. इलेक्ट्रॉन विद्युतरोधकातून ये-जा करतात तेव्हा प्रत्येक वेळी त्या थराला किंचित इजा होते. कालांतराने थरात दोष साचतात आणि बेटावरील भार गळू लागतो. म्हणूनच फ्लॅश स्मृतीवर किती वेळा लिहिता आणि पुसता येईल याला मर्यादा असते आणि महत्त्वाच्या माहितीची प्रत अन्यत्र ठेवणे शहाणपणाचे ठरते. २०१३ नंतर बाजारात आलेल्या, कण एकावर एक रचलेल्या बहुमजली चिपमध्ये बहुतेक उत्पादकांनी तरंगत्या गेटऐवजी भार पकडून ठेवणारा नायट्राइडचा थर वापरण्यास सुरुवात केली. तथापि ट्रान्झिस्टरच्या गेटखाली भार अडकवून माहिती राखायची, हे तत्त्व कायम आहे.

उत्तरायुष्य

कांग यांनी बेल प्रयोगशाळेत जवळजवळ तीन दशके काढली. विजेच्या साहाय्याने प्रकाश देणाऱ्या पातळ थरांवरही त्यांनी महत्त्वाचे संशोधन केले. १९७५ साली फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने मॉसफेटच्या शोधाबद्दल अताल्ला आणि कांग यांना स्टुअर्ट बॅलंटाइन पदक दिले. १९८८ साली ते बेलमधून निवृत्त झाले आणि जपानच्या एनईसी कंपनीने प्रिन्स्टन येथे मूलभूत संशोधनासाठी उभारलेल्या संस्थेचे पहिले अध्यक्ष झाले.

या नव्या जबाबदारीची चारच वर्षे त्यांना लाभली. महाधमनी फुटल्याने तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्यानंतरच्या गुंतागुंतीतून १३ मे १९९२ रोजी न्यू जर्सीतील न्यू ब्रन्सविक येथे त्यांचे निधन झाले. ६१वा वाढदिवस होऊन अवघे नऊ दिवस झाले होते. त्या वेळी मोबाइल फोन सर्वसामान्यांच्या हाती आलेला नव्हता, कॅमेऱ्यात फिल्मच घालावी लागे आणि फ्लॅश स्मृतीचा बाजार नुकता आकार घेत होता. आपल्या दुसऱ्या शोधाचे खरे यश पाहण्याची संधी कांग यांना मिळाली नाही.

उशिरा आलेली आठवण

ट्रान्झिस्टरच्या पहिल्या शोधाला नोबेल मिळाले. एकात्मिक परिपथासाठी जॅक किल्बी यांना २००० साली, तर प्रतिमा टिपणाऱ्या सीसीडीसाठी विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ या बेलच्याच संशोधकांना २००९ साली तो सन्मान लाभला. मॉसफेट आणि तरंगते गेट यांच्या जनकांच्या वाट्याला मात्र नोबेल आले नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय संशोधक सन्मान दालनात अताल्ला आणि कांग यांची नावे २००९ साली समाविष्ट झाली, तेव्हा कांग यांच्या निधनाला १७ वर्षे उलटली होती. अताल्ला यांचे त्याच वर्षी निधन झाले. सायमन झी २०२३ साली निवर्तले.

कोरियाच्या बाबतीत हा विसर अधिक जाणवतो. कांग यांनी देश सोडला तेव्हा युद्धाने होरपळलेल्या त्या भूमीत अर्धवाहकांचा उद्योग नव्हता. पुढे दक्षिण कोरिया स्मृतीच्या चिप बनवणारा जगातील अग्रगण्य देश बनला आणि त्याच्या निर्यातीचा मोठा भाग याच चिपवर उभा राहिला. ज्या तत्त्वावर हे वैभव उभे आहे, त्याच्या उगमाशी आपल्याच मातीतील एक माणूस होता, याची तेथील सामान्य जनतेला फार काळ कल्पना नव्हती. कोरियातील अर्धवाहक संशोधकांच्या परिषदेने २०१७ पासून त्यांच्या नावाने पुरस्कार देण्यास प्रारंभ केला.

कॅलिफोर्नियातील संगणक इतिहास संग्रहालयाने २०१८ साली मांडलेल्या अंदाजानुसार, १९६० पासून तोवर मॉसफेट घराण्यातील जेवढे ट्रान्झिस्टर तयार झाले, त्यांची संख्या लिहायची तर १३ वर २१ शून्ये द्यावी लागतात. माणसाने आजवर घडवलेल्या वस्तूंमध्ये इतक्या मोठ्या संख्येने दुसरी कोणतीही वस्तू बनलेली नाही. त्यांतील कितीतरी ट्रान्झिस्टर आज कोणाच्या ना कोणाच्या खिशात, लग्नाची छायाचित्रे किंवा दिवंगत आईवडिलांचा आवाज सांभाळत आहेत. वीज नसतानाही ती जपणूक चालू असते. बेल प्रयोगशाळेत तासाभराचे स्मरण नोंदवणाऱ्या दोघा संशोधकांचे ऋण त्यावर आहे आणि त्यांतील ज्येष्ठाचे नाव डावॉन कांग होते.